वाढीचा नियम आणि जीवाचें मोल

उस्मानाबादी करडूं केव्हां विकावें हें बीड जिल्ह्यांतील शेळीपालकास अनुभवानें कळतें. गणिती तेंच वक्ररेषेनें दाखवितो. प्राण्याचें वजन प्रथम चढत्या वेगानें वाढतें, मग वेग मंदावतो आणि शेवटीं वजन स्थिरावतें. गॉम्पर्ट्झच्या सूत्राप्रमाणें अंतिम वजनाच्या सुमारें ३७ टक्क्यांवर वेग मंदावूं लागतो. मौज अशी कीं, १८२५ सालीं त्यानें तें सूत्र मांडलें तें माणसांच्या मृत्युप्रमाणाविषयीं. प्राण्यांच्या वाढीस तें लागू झालें विसाव्या शतकांत.

मग वाढ थांबली कीं मोलही संपलें, असें अनुमान काढावें काय? आम्हांस तें मान्य नाहीं. बैलाची रेषा जेथें सपाट होते, तेथेंच त्याचे कष्टाचे दिवस सुरू होतात. नांगर ओढणें, ऊसतोडणीच्या हंगामांत कारखान्यापर्यंत गाडी नेणें, हें सारें त्या सपाट रेषेवरचेंच काम होय.

परंतु पुढें बैल थकतो. २०१९ च्या दुष्काळांत या जिल्ह्यांत शेंकडों चाराछावण्या उघडल्या गेल्या. ज्याच्या घरीं माणसांनाच पाणी दुरून आणावें लागतें, त्यास म्हातारा बैल पोसण्याचा उपदेश करणें सोपें आहे. चाऱ्याचा खर्च किती, हें गणित प्रामाणिकपणें सांगतें. तो कोणीं सोसावा, हें सांगणें त्याचें काम नव्हे. तो निर्णय आमचा आहे. त्या बैलानें वाहिलेल्या उसाची साखर आम्हीं खाल्ली; तेव्हां त्याच्या वैरणीचा भार एकट्या धन्यावर टाकून भूतदयेच्या गोष्टी बोलण्याचा अधिकार आम्हांस पोंचत नाहीं.