रांगेबाहेरचें सुख

जत्रेहून किंवा सहलीहून परतलेल्या माणसास आपण पहिला प्रश्न विचारतों तो "काय काय पाहिलेंत?" हा. प्रश्न साधा आहे. परंतु त्यांतील 'काय काय' ही द्विरुक्ति विचार करण्यासारखी आहे. सुखाची मोजदाद होऊं शकते, आणि ज्याची यादी लांब त्याची सहल चांगली, हें विचारणाऱ्यानें व सांगणाऱ्यानें दोघांनींही मनांतल्या मनांत मान्य केलेलें असतें. ही समजूत कितपत खरी आहे याचा विचार करण्याचा प्रसंग आमच्यावर अलीकडे आला. प्रसंग क्षुल्लक आहे. परंतु त्याच्यामागें एक जुनें ऋण उभें असल्यामुळें तो वाचकांपुढें मांडण्याचें धाडस करीत आहों.

गेल्या उन्हाळ्यांत मुंबईस बंधूंकडे गेलों असतां घरांतील मुलांना घेऊन एका मोठ्या मनोरंजन-उद्यानांत जाण्याचा योग आला. अशीं उद्यानें आतां आपल्याकडे नवीं राहिलेलीं नाहींत. अमेरिकेंत डिस्नेलँड १९५५ सालीं उघडलें. आपल्याकडे गोराईचें एस्सेलवर्ल्ड १९८९ सालीं निघालें आणि खोपोलीजवळचें इमॅजिका २०१३ सालीं. मोठ्या पाळण्याची हौस तर याहूनही जुनी. १८९३ सालच्या ज्या शिकागो येथील प्रदर्शनाच्या निमित्तानें सर्वधर्मपरिषद भरली, त्याच प्रदर्शनांत फेरिस नांवाच्या एंजिनियरानें २६४ फूट उंचीचें चक्र उभारलें होतें, व त्याच्या ३६ डब्यांतून एका वेळीं दोन हजारांवर माणसें बसूं शकत. एकाच ठिकाणीं धर्माची चर्चा आणि आकाशाला भिडणारा पाळणा! माणसाला दोन्हीं हवीं असतात, आणि त्यांत आम्हांस वावगें कांहींच दिसत नाहीं.

आम्ही गेलों तो सुटीचा दिवस होता. जिकडे पाहावें तिकडे रांगा. बंधूंनीं सकाळींच हिशेब मांडला कीं, इतके खेळ झाले तर तिकिटाचे पैसे वसूल. 'वसूल' हा शब्द सावकाराच्या पेढीवरचा. तो एकदां उच्चारला गेल्यावर त्या दिवसाची मालकी आमच्याकडून चोपडीकडे गेली. बेंथाम या इंग्रज तत्त्वज्ञानें १७८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत सुखाचीं सात मापें सांगितलीं आहेत. सुख किती तीव्र, किती वेळ टिकणारें, किती निश्चित, किती जवळचें हें त्यानें पाहिलेंच. शिवाय त्यांतून दुसरें सुख निपजतें काय, त्यांत दुःखाची भेसळ आहे काय, आणि तें किती जणांस लाभतें, हेंही विचारलें. बेंथामला हिशेबी म्हणून हंसण्याची आम्हां अध्यापकांची जुनी खोड आहे. परंतु आमचा हिशेब त्याच्याहून दरिद्री होता. त्याच्याजवळ सात मापें होतीं. आमच्याजवळ एकच, आणि तें म्हणजे संख्या.

दुपारीं एका रांगेंत उभे असतां आमची सहा वर्षांची पुतणी एकाएकीं खालीं बसली. पाण्याच्या नळाच्या एका सांध्यांतून थेंब थेंब गळत होता, आणि खालच्या तळहाताएवढ्या डबक्यांत एक साळुंकी पाणी पीत होती. चोंच बुडवावी, मान वर करावी, इकडे तिकडे पाहावें, पुन्हां चोंच बुडवावी. दोन हातांवरून शेंकडों पाय जात होते. तिला त्यांची पर्वा नव्हती आणि पुतणीला रांगेची. रांग चार पावलें पुढें सरकली. "चल लवकर, नंबर जाईल," हे शब्द आमच्या तोंडून निघाले मात्र, आणि आम्ही चपापलों. हेंच वाक्य आम्हीं पूर्वीं एकदां उच्चारलें होतें. भाषा तेवढी निराळी होती.

आमचें घर मालवण तालुक्यांतील कट्टा या गांवीं. तेथून आंगणेवाडीच्या जत्रेस आम्ही लहानपणापासून जात आलों आहों. मसुरें गांवची ही एक वाडी. भरडावर प्रकट झाली म्हणून देवी भराडी, असें सांगतात. जत्रेचा दिवस पंचांगांत छापलेला नसतो. तो देवीचा कौल घेऊन ठरतो, आणि एकदां ठरला कीं मुंबईच्या चाळीचाळींतून बातमी पोंचते. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरती सुरू झाल्यापासून जत्रेसाठीं जादा गाड्या सुटूं लागल्या, आणि दीड दिवसाच्या त्या जत्रेंत लाखों माणसें येऊं लागलीं.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही मातोश्रींना घेऊन गेलों. वाटेंत एक बाई अबोलीच्या वेण्या करीत बसली होती. सुई नाहीं, दोरा नाहीं. केळीच्या सोपाच्या धाग्यानें ती एकेक फूल अडकवीत होती. मातोश्री तेथें थबकल्या. पलीकडे गुळाच्या पाकांत खाजें घोळविलें जात होतें आणि आल्याचा वास सुटला होता. त्यांनीं त्या बाईला कांहीं विचारलें, तिनें कांहीं सांगितलें, दोघीही हंसल्या. आम्ही मात्र पुढील रांगेकडे पाहात होतों. "आये, चल बेगीन, नंबर जातलो!" असें आम्ही जरा चढ्या स्वरांत म्हणालों. त्या कांहीं न बोलतां आमच्यामागून चालूं लागल्या.

तासाभरानें त्यांचे पाय भरून आले. कडेला बसत त्या म्हणाल्या, "झिला, मी हयसर बसतंय, तू जावन ये. देवीक माझो नमस्कार सांग." आम्ही गेलों. कित्येक तासांनीं गाभाऱ्यासमोर पोंचलों, मागून लोट आला, हात जोडले न जोडले तों बाहेर फेंकलें गेलों. परत आल्यावर मातोश्रींनीं विचारलें, "सांगितलंस मां?" तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, नमस्कार सांगावयाचा राहून गेला. "सांगितलंय," असें आम्ही म्हणालों. पुढें कित्येक दिवस मातोश्री त्या वेण्यांविषयीं, त्या बाईच्या बोटांविषयीं बोलत. आंगण्यांच्या घरच्या सुवासिनी देवीचा प्रसाद रांधतांना तोंडांतून शब्द काढीत नाहींत, याचें त्यांना मोठें कौतुक. एवढ्या कोलाहलांत जें सर्वांत पवित्र काम तें मुक्यानें चालतें, असें त्या म्हणत. आमच्याजवळ सांगण्यासारखें एकच होतें : रांगेंत किती तास गेले. त्याच वर्षीं श्रावणांत त्या वारल्या.

येथें दोन आक्षेप येतील, आणि ते योग्य आहेत. पहिला असा कीं, ही सारी आंबट द्राक्षांची कथा आहे. ज्यास मोठें सुख मिळत नाहीं तो लहान सुखाची थोरवी गातो. इतकेंच नव्हे, तर 'थोडक्यांत समाधान माना' हा उपदेश भरल्या पोटाच्या माणसांनीं रिकाम्या पोटाच्या माणसांस आजवर फार केला आहे. आम्हांला हें मान्य आहे. आम्हांला जें मनोहर दृश्य, तो त्या वेण्या करणाऱ्या बाईचा दिवसाचा रोजगार होता. न विकलेलीं फुलें संध्याकाळीं सुकणार होतीं. म्हणून आम्ही एक मर्यादा घालून घेतों. अल्पसंतोषाचा उपदेश माणसानें स्वतःस करावा. दुसऱ्यास करूं नये. दुसऱ्याच्या वांट्याला मोठें सुख कसें येईल हेंच आपण पाहावें.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. छांदोग्य उपनिषदांत सनत्कुमार नारदास सांगतात कीं, अल्पांत सुख नाहीं. जें विशाल, तेंच सुख. मग लहान सुखांची भलामण आम्हीं कोणत्या तोंडानें करावी? परंतु सनत्कुमारांनीं अल्पाची जी व्याख्या केली ती आकाराची नव्हे. जेथें माणूस दुसरें कांहीं पाहतो तें अल्प, आणि जेथें दुसरें कांहीं पाहात नाहीं तें विशाल, असा तिचा आशय आहे. ऋषींना अभिप्रेत असलेली अवस्था ब्रह्मज्ञानाची. तिच्याशीं साळुंकीची सांगड घालण्याचें औद्धत्य आम्ही करणार नाहीं. पण व्यवहारापुरती एक खूण तींतून हातीं लागते. पाळण्याच्या शेंड्यावर बसूनही ज्याची नजर पुढल्या खेळाच्या रांगेवर आहे, तो अल्पांतच आहे. आणि गळक्या नळाशीं बसलेल्या मुलीला त्या घटकेला दुसरें कांहींच दिसत नव्हतें.

यावरून असें दिसतें कीं, लहान सुखें नजरेआड होतात तीं लहान म्हणून नव्हे. आपण पुढच्या सुखाचे देणेकरी होऊन बसलेले असतों, म्हणून हातांतलें सुख आपल्याला विलंबासारखें वाटतें. आपल्यापुरतें असें वाटलें तर तो केवळ तोटा होय. परंतु शेजारच्या माणसाचें सुख जेव्हां आपल्याला विलंब वाटूं लागतें, तेव्हां तो अपराध होतो. म्हाताऱ्या माणसांचा आणि लहान मुलांचा हा अपराध आपण रोज करतों, आणि त्यास शिस्त किंवा वक्तशीरपणा असें सभ्य नांव देतों.

त्या दिवशीं आम्हीं मागच्या कुटुंबास पुढें जाऊं दिलें. साळुंकी पाणी पिऊन उडून गेली, पुतणी उठली, आमचा एक खेळ हुकला. घरीं आल्यावर तिनें आपल्या आईस प्रथम पाळण्याचीच हकीकत सांगितली, मग साळुंकीची. आम्हांला त्यांत विषाद वाटला नाहीं. दोन्हींस जागा आहे एवढेंच आमचें म्हणणें.

आंगणेवाडीच्या जत्रेचा दिवस ठरला कीं आम्ही यंदा पुन्हां जाणार आहों. वाटेंत वेण्या करणारी कोणी दिसली तर तिच्यापाशीं थांबूं आणि एक वेणी घेऊं. मग रांगेंत उभे राहूं. मातोश्रींचा नमस्कार अजून आमच्याचकडे राहिलेला आहे.