मृगया आणि दया

गेल्या माघांत कारंजा-सोहोळच्या माळावर एका वृद्ध फासेपारध्याबरोबर मी घटकाभर हिंडलों. १९९८ पर्यंत हा भाग अकोला जिल्ह्यांतच होता. आतां तो वाशीम जिल्ह्यांत मोडतो. काळविटांच्या अभयारण्याच्या कडेला एक कळप चरत होता. म्हाताऱ्यानें चिमूटभर माती उडवून वाऱ्याची दिशा पाहिली, मला थांबण्याची खूण केली व तो एकटा पुढें निघाला. हरणांच्या माना खालीं असत तोंवर त्याचें पाऊल पडे; एखादी मान वर झाली कीं तो वाळक्या खुंटासारखा स्तब्ध उभा राही. असा तो कळपाच्या बराच जवळ पोंचला, तरी कळप चरतच राहिला. मग मीं एक पाऊल टाकलें, पायाखालीं काडी मोडली आणि क्षणांत माळ मोकळा झाला!

परततांना मीं त्याची स्तुति केली. तो इतकेंच म्हणाला, "जवळ त जाता येते, मास्तर, पन आता जवळ जाऊन कराचं काय?"

त्याच्या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. तेव्हांपासून त्याचाच विचार करीत आहें.

या विद्येचें साहित्य अगदीं थोडें. दोरीला ओळीनें बांधलेले फासे, ते रोवण्याच्या खुंट्या, आणि आडोशासाठीं शिकवून तयार केलेली गाय; तिच्या आडून पारधी कळपाभोंवतीं हळूहळू फिरे. धनुर्धराचेंहि तसेंच आहे. बंदूक दोनशें पावलांवरून काम करते. बाणाला तीस-चाळीस पावलांपर्यंत जावें लागतें. म्हणून अंगावर वाजणारी वस्तु नको, वस्त्र मळकट रंगाचें हवें, पायताण मऊ हवें आणि वारा सदैव आपल्या तोंडावर घ्यावयाचा. ज्या देशांत धनुष्यानें हरिण मारणें आजहि कायदेशीर आहे, तेथील शिकारी हेच नियम पाळतात. शस्त्र जितकें दुबळें, तितकें प्राण्याचें ज्ञान अधिक लागतें.

मौन, धीर, इंद्रियनिग्रह, एकाग्रता या गुणांची थोरवी आम्ही वर्गांत नित्य गातों. तेच गुण जीव घेण्यासाठीं राबविले, तर ते सद्गुण राहतात काय? 'शाकुंतला'तला सेनापति मृगयेची वाखाणणी करतो: तिनें शरीर हलकें होतें, चालत्या लक्ष्यावर बाण साधतो. मनुस्मृति मात्र तिची गणना राजाच्या व्यसनांत करते. दशरथाचें शब्दवेधाचें कौशल्य निर्दोष होतें. परंतु घडा भरण्याच्या आवाजावर सुटलेला त्याचा बाण आंधळ्या मातापित्यांच्या एकुलत्या आधाराला लागला. कौशल्य स्वतः हेतूचा न्याय करीत नाहीं, हेंच खरें.

येथवर वाचकांचें व माझें सहज एकमत होईल. अडचण पुढें आहे. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि काळवीट त्याच्या पहिल्या अनुसूचींत आहे. हा कायदा न्याय्य आहे, याविषयीं मला शंका नाहीं. पण त्याची किंमत कोणीं दिली? अमरावती-अकोल्याच्या आम्हां सुशिक्षितांच्या ताटांतला एक घांसहि कमी झाला नाहीं. किंमत दिली ती ज्याच्या तुरी-हरभऱ्यांत कळप उतरतो त्या शेतकऱ्यानें, आणि ज्याचा पिढीजात धंदा बुडाला त्या पारध्यानें. परक्या सरकारनें त्याच्या जमातीवर 'गुन्हेगार' असा शिक्का मारला होता. १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला; शिक्का मात्र लोकांच्या नजरेंतून पुसला गेला नाहीं. दुसऱ्याच्या खर्चानें केलेल्या दयेला दया म्हणावें, कीं स्वस्तांतली हळहळ?

कोणी विचारील, मग शिकारीची मुभा द्यावी काय? मुळींच नाहीं. पारध्याच्या भुकेची भरपाई हरणाच्या प्राणानें करतां येत नाहीं, कारण तें ऋण हरणाचें नव्हेच. तें आमचें आहे. जी दया आम्ही भूषण म्हणून मिरवितों, तिचा खर्च आम्हींच सोसला पाहिजे.

अकोला-वाशीम भागांतील कांहीं फासेपारधी कुटुंबें अलीकडे तणमोरासारख्या दुर्मिळ पक्ष्यांसाठीं गवताळ माळ राखूं लागलीं आहेत. नजर तीच, निःशब्द पाऊलहि तेंच. हेतु तेवढा बदलला. हें वाचून आपल्याला बरें वाटेल, पण बरें वाटण्यावरच थांबलों तर आपण पुन्हां फुकटांतच दयाळू ठरूं. या ज्ञानाला विद्येचा मान, कामाला नियमित वेतन आणि त्यांच्या मुलांना शाळेंत संशयाविना जागा मिळाली, तरच हेतूचा हा पालट टिकेल.

जवळ जाऊन काय करावयाचें? "राखावयाचें," असें उत्तर मी आज त्या म्हाताऱ्याला देऊं शकेन. परंतु तो लागलीच विचारील, राखणाऱ्याची चूल कशी पेटावयाची? त्याचें उत्तर मात्र त्याच्याकडून नव्हे, आपल्याकडून यावयाचें आहे.