उलटं फिरवलेलं वर्षचक्र

इंग्लंडमधला जादूटोण्याविरुद्धचा १७३५चा कायदा १९५१मध्ये रद्द झाला आणि तीनच वर्षांत जेराल्ड गार्डनर यांचं ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक आलं. मलायात कस्टम्स खात्यात नोकरी करून परतलेल्या या गृहस्थांचा दावा असा, की ख्रिस्तपूर्व काळातला निसर्गपूजकांचा धर्म गुप्तपणे टिकून आहे आणि न्यू फॉरेस्ट भागातल्या अशाच एका मंडळात आपली दीक्षा झाली आहे. प्रस्तावना होती मार्गारेट मरे यांची. चेटूक केल्याबद्दल ज्यांच्यावर युरोपात खटले चालले, ती माणसं एका प्राचीन धर्माची अनुयायी होती, हा सिद्धान्त मरेबाईंनीच १९२१मध्ये मांडला होता. सिद्धान्त गार्डनरांच्या मदतीला आणि गार्डनर सिद्धान्ताच्या, असा हा परस्परांना जामीन राहण्याचा व्यवहार होता.

म्हणजे आज विक्का म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पंथाचा सुरुवातीचा खरेपणा त्याच्या प्राचीनतेवर उभा होता. त्याला पहिला तडा आतूनच गेला. १९५३मध्ये दीक्षा घेतलेल्या डोरीन व्हॅलिएन्टना पंथाची पोथी वाचताना त्यात ॲलिस्टर क्राउली या समकालीन तांत्रिकाचा मजकूर सापडला. गार्डनरांनी वाद न घालता, जमत असेल तर तुम्हीच नीट लिहा, असं सुचवलं. व्हॅलिएन्टनी लिहिलं, आणि ते इतकं सरस उतरलं की आज पंथातल्या अनेकांना तेच पाठ असतं.

सणांचंही तसंच. वर्षाचे आठ सण एका चक्रात बसवलेले: दोन अयनदिन, दोन विषुवदिन आणि त्यांच्या अधेमधे येणारे साविन, इंबोल्क, बेल्टेन, लामास. चक्र पाहताच पुरातन वाटतं. यांतले काही सण सुटे सुटे जुने आहेतही. पण आठही एकाच समाजानं असे पाळल्याचा पुरावा नाही. अयनदिनांना आणि विषुवदिनांना इतर सणांच्या बरोबरीचा मान मिळाला तो १९५८च्या सुमारास, लंडनजवळच्या ब्रिकेट वुडच्या मंडळींनी आग्रह धरल्यावर. शरद विषुवाला ‘मेबॉन’ हे नाव १९७०च्या दशकात एडन केली या अमेरिकन माणसानं दिलं. मूळचा मेबॉन वेल्श कथांमधला. विषुवदिनाशी त्याचा काही संबंध नाही.

इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९९मध्ये ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’मध्ये पंथाचा आधुनिक जन्म तपशिलानं मांडला. काही जण चिडले, पण सण थांबले नाहीत. तोवर खरेपणाची कसोटीच सरकली होती. स्कॉट कनिंगहॅम यांनी १९८८च्या पुस्तकात एकट्यानं, गुरूशिवाय आणि दीक्षेशिवाय साधना करता येते, असं सांगितलं होतं. परंपरेचा दाखला मागणं मागे पडलं आणि ‘मला यातून काय जाणवतं’ हा प्रश्न पुढे आला.

इथे मला शंका येते. स्वतःला भावेल ते खरं, असं एकदा ठरलं की चूक होण्याची सोयच उरत नाही. पंथाला या सोयीपासून अंशतः तरी वाचवलं ते ऋतूंनी, आणि हे सर्वांत स्पष्ट दिसतं ऑस्ट्रेलियात.

साविन हा ३१ ऑक्टोबरचा, मृतांच्या स्मरणाचा सण. उत्तरेत तेव्हा पानं गळून हिवाळा दाराशी आलेला असतो. मेलबर्नमध्ये मात्र तो भर वसंत. पुस्तक पाळावं तर बहरलेल्या झाडांखाली मृत्यूचे विधी करावे लागतात. म्हणून तिथल्या अनेकांनी चक्र सहा महिन्यांनी फिरवलं: साविन एप्रिलअखेर, बेल्टेन ऑक्टोबरअखेर. दुकानांत हॅलोविनचे मुखवटे लटकत असताना हे लोक वसंताचा उत्सव करतात. तिकडे माध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो, म्हणून अग्नीची दिशाही कित्येकांनी दक्षिणेकडून उत्तरेला नेली. रिंगण घड्याळाच्या उलट घालायला सुरुवात केली. यातलं काहीच लहरीवर ठरलेलं नाही. आकाशाकडे बघून ठरलं आहे.

पण उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात तेही पुरत नाही. तिथे मुख्य ऋतू दोनच, पावसाळा आणि कोरडा. पर्थच्या परिसरातले मूळ रहिवासी असलेले नूंगर लोक सहा ऋतू मानतात, आणि ते तिथल्या हवेशी युरोपच्या चार ऋतूंपेक्षा कितीतरी जास्त जुळतात. मग ते सरळ स्वीकारावेत का? ज्यांची जमीन गेली, त्यांची कालगणनाही उचलावी का? हा पेच मनात काय जाणवतं एवढ्यावर सुटणारा नाही. त्यासाठी नूंगर लोकांनाच विचारावं लागेल.

मेलबर्नमधली मराठी कुटुंबं जानेवारीच्या कडक उन्हाळ्यात संक्रांतीचा तिळगूळ वाटतात. त्यांनी संक्रांत जुलैत नेलेली नाही, आणि न्यावी असं मलाही वाटत नाही. तो सण त्यांना ऋतूपेक्षा माणसांशी अधिक जोडतो. पण आपण इथे राहूनही फार वेगळं करत नाही. सूर्याचं उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होतं, तरी आपण ते जानेवारीच्या मध्यावर साजरं करतो. सूर्य मकर राशीत जाणं आणि उत्तरेकडे वळणं या दोन घटना शतकांच्या ओघात एकमेकींपासून दूर सरकल्या, आणि आपण राशीबरोबर राहिलो. शेकडो वर्षांच्या पंचांगाला हात लावायचा तर शास्त्री, पंचांगकर्ते आणि सगळं गाव एकत्र बसवावं लागेल. ब्रिकेट वुडची दुरुस्ती मूठभर माणसांनी गार्डनरांची संमती घेऊन केली होती.