न बांधण्याची किंमत

शेजाऱ्याच्या शेतातून पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडी जात आली, की ती वाट वहिवाटीची होते. सातबारा शेजाऱ्याच्या नावावर राहतो, पण नांगर घालून ती वाट मोडायची त्याला मुभा नसते. जमीन एकाची आणि तिच्यावरचा एक हक्क दुसऱ्याचा, ही गोष्ट कोर्टाची पायरी न चढलेल्या शेतकऱ्यालाही ठाऊक असते. समुद्रकाठची मोकळी जमीन हॉटेल आणि बंगल्यांपासून वाचवण्याचा एक मार्ग गेल्या पन्नास-साठ वर्षांत घडत गेला. त्याचं मूळ मला या वहिवाटीत दिसतं.

किनारा वाचवण्याची सुरुवात दानाने झाली. इंग्लंडमध्ये १८९५ साली नॅशनल ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याला मिळालेली पहिली जमीन वेल्समधल्या बारमथ गावावरची होती. दिनास ओले नावाचा समुद्राकडे पाहणारा तो डोंगरउतार फॅनी टॅल्बट या बाईंनी देऊन टाकला. जेमतेम साडेचार एकर. पण दान मागून मिळत नाही, आणि किनाऱ्याचे भाव चढू लागले की दातेही कमी होतात. १९६५ साली याच ट्रस्टने किनारा विकत घेण्यासाठी लोकांकडून पैसे गोळा करायला सुरुवात केली.

अमेरिकेत वाट वेगळी निघाली. विल्यम व्हाइट या लेखकाने १९५९ साली असा विचार मांडला, की शहरांभोवतीची मोकळी जमीन सगळी विकत घ्यायची गरजच नाही. मालकाकडून फक्त बांधायचा हक्क विकत घ्यावा. गुरं चारणं, पेरणं, राहणं त्याचं त्याच्याकडे राहू द्यावं. जुन्या इंग्रजी कायद्यात वहिवाट मागणाऱ्याची जमीन साधारणपणे शेजारी असावी लागे. नव्या विचारात ती अट गळाली. शेजारी एक इंचही जमीन नसलेली संस्था हा हक्क धरू शकते, तो कायमचा असतो आणि पुढच्या प्रत्येक मालकाला बांधतो. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर चढलेला, कधीही न उतरणारा बोजा. कॅलिफोर्नियाने १९७९ साली त्यासाठी कायदा केला.

इथे मुंबईकराला टीडीआर, म्हणजे हस्तांतरित करता येणारा विकासहक्क, आठवेल. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियमावलीने बांधायचा हक्क जमिनीपासून सोडवला खरा, पण तो मेला नाही. एका प्लॉटवरून उठला आणि दुसऱ्या इमारतीच्या माथ्यावर मजले होऊन बसला. व्हाइटच्या कल्पनेत हक्क विकत घेऊन तो संपवायचा असतो. हा फरक मला फार मोठा वाटतो.

मग सरळ बंदीच का घालू नये? मीही बरीच वर्षं त्याच मताचा होतो. बंदी हवीच, तिच्याशिवाय मालक बोलणी करायला बसतच नाही. पण बंदी सरकारच्या हातची असते, आणि दिलेलं तेच हात परतही घेतात. आपल्या १९९१ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर पट्टा राखला होता. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात तो ५० मीटरवर आणला.

शिवाय कोर्ट आहे. डेव्हिड लुकास याने १९८६ साली साउथ कॅरोलायनातल्या आइल ऑफ पाम्स बेटावर पावणेदहा लाख डॉलरना दोन प्लॉट घेतले. १९८८ च्या किनारा कायद्याने तिथे घर बांधणं बंद झालं. १९९२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लुकासच्या बाजूने कौल दिला, आणि तडजोडीत राज्याला ते प्लॉट विकत घ्यावे लागले. पुढचं वाचून मी सुन्न झालो होतो: राज्याने तेच प्लॉट बांधकामासाठी विकून टाकले. पैसे स्वतःच्या खिशातून जायची वेळ आली तेव्हा वाळूची काळजी संपली.

म्हणून सॅन सिमिऑनचं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या साधारण मधोमध हर्स्ट घराण्याचं ८२,००० एकरांचं रान आहे, त्याला सुमारे २९ किलोमीटरचा किनारा. वर्तमानपत्रांचे सम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांचा डोंगरावरचा वाडा कुटुंबाच्या कंपनीने १९५७ साली कॅलिफोर्निया राज्याला देऊन टाकला. रान मात्र ठेवलं. तिथे गोल्फच्या मैदानासह ६५० खोल्यांचं रिसॉर्ट उभारायचा बेत १९९८ साली राज्याच्या किनारा आयोगाने नाकारला. पण नकार अर्जाला मिळाला होता, जमिनीला नव्हे. नवा अर्ज कधीही येऊ शकला असता.

बोलणी काही वर्षं चालली आणि २००५ साली व्यवहार झाला. राज्याने आठ कोटी डॉलर रोख आणि दीड कोटींची करसवलत दिली. बदल्यात सुमारे २१ किलोमीटर किनारा राज्याच्या मालकीचा झाला, आणि उरलेल्या रानावर कायमचा बोजा चढला. गुरं चरत राहतील. जास्तीत जास्त २७ घरं आणि जुन्या गावात १०० खोल्यांचं एक हॉटेल, एवढीच मुभा.

टीकाही झाली. जे बांधायला परवानगीच मिळाली नसती, ते न बांधण्याचे पैसे का द्यायचे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं पूर्ण समाधान करणारं उत्तर माझ्याकडे नाही. मला इतकंच दिसतं, की हे पैसे त्या वर्षीच्या बंदीचे नव्हते, पुढच्या सगळ्या वर्षांचे होते. त्यामुळेच असा करार लोकांसमोर, प्रत्येक अट वाचून दाखवून व्हायला हवा. त्यात लोकांना चालायची वाट आणि पाहणी करायचा अधिकार लिहून घेतला नाही, तर ती मालकाला दिलेली बक्षिसी ठरते.

किनाऱ्याची सुमारे आठ किलोमीटर कंपनीने स्वतःकडे ठेवली. त्यात सॅन सिमिऑनचं टोकही आहे. आज लोक तिथे झाडांतून समुद्रापर्यंत पायी जातात. पायाखालची जमीन अजून खाजगी आहे.