डोंगर कुणी खाल्ला?

वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या हद्दीजवळ रेडी आहे. 1976 साली खाणीच्या जागेत सापडलेल्या द्विभुज गणपतीचं दर्शन घेऊन लोक पुढे निघून जातात. मागे राहतात लोहखनिजासाठी पोखरलेले डोंगर नि तांबडी माती.

आम्ही फणसवाडीतली माणसं सुट्टीत जातो नि हळहळतो, "डोंगर विकून खाल्लात!"

तिथला एक म्हातारा म्हणाला, "डोंगर गेलो खरो, पण पोरां हयच शिकली. तुमी तर गावच सोडल्यात."

खरंच आहे. आमचं पोट मुंबईनं भरलं, त्यांचं डोंगरानं. मग त्यांना नावं ठेवणारे आम्ही कोण?

पण डोंगर एकदाच विकता येतो. त्याचा निवाडा आता त्या नातवंडांनी करायचा, ज्यांना कुणी विचारलंच नाही.