टोपणनावांचे हसू

हसवणे ही नेकी की गुनाह, हा प्रश्न आपण बहुधा मौलवीसाहेबांवर सोपवून मोकळे होतो. खरे तर तो टीव्हीसमोर मुलांना बसवणाऱ्या प्रत्येक आईबापाचा आहे. मुंब्रा-कौसा असो की कल्याण-डोंबिवली, मुलांच्या ओठांवर 'मोटू पतलू'मधली वाक्ये असतात. २०१२ साली सुरू झालेली ही हिंदी कार्टून मालिका मुंबईच्या कॉसमॉस-माया संस्थेने 'लोटपोट'मधल्या जुन्या चित्रकथेवरून घडवली. समोसा पोटात गेला की मोटूला ताकद येते आणि मुले खदखदून हसतात. यात वाईट काय?

सूरह हुजुरातची ११वी आयत आठवावी. एका समूहाने दुसऱ्याची टिंगल करणे आणि एकमेकांना वाईट टोपणनावांनी हाक मारणे, या दोन्ही गोष्टींना तिथे एकत्र मनाई आहे. त्या एकत्र का, हे शिक्षकाला वर्गात लवकर कळते. पडद्यावरच्या मोटूला 'मोटू' म्हटल्याने काही होत नाही, त्याचे ते नावच आहे. पण तेच नाव उचलून तिसऱ्या बाकावरच्या जाड मुलाला चिकटवले, की त्याच्या घरच्यांनी हौसेने ठेवलेले नाव हजेरीपटापुरते उरते.

म्हणजे इस्लामला विनोदाचे वावडे आहे असे नव्हे. स्वारीसाठी जनावर मागणाऱ्या माणसाला प्रेषितांनी (स.) उंटिणीचे पिल्लू देईन म्हणून सांगितले. पिल्लू घेऊन मी काय करू, असे तो म्हणाला, तेव्हा त्यांनी विचारले की प्रत्येक उंट हे उंटिणीचेच पिल्लू नसते का? हसू आले, पण त्यात खोटे नव्हते आणि कोणी लहानही झाले नाही.

अमेरिकेतली 'द सिम्पसन्स' ही कार्टून मालिका १९८९ पासून चालू आहे. तिचे ७०० हून अधिक भाग झाले. समीक्षकांनी सर्वांत नावाजलेल्या भागांत १९९३ चा मोनोरेलचा भाग येतो. एक ठग गोड बोलून सगळ्या गावाच्या गळ्यात निकामी मोनोरेल मारतो. हसू येते ते गावाच्या हावरेपणाचे. २००८ च्या एका भागात जॉर्डनहून आलेले मुस्लिम कुटुंब शेजारी राहायला येते आणि नायक होमर त्या घरच्या बापाला दहशतवादी समजून बसतो. तिथेही फजिती होते ती होमरच्या संशयाची.

पण याच मालिकेत अपू नावाचा भारतीय दुकानदार आहे. सत्यजित राय यांच्या चित्रपटांतल्या कोवळ्या अपूवरून त्याचे नाव ठेवले गेले. त्याला आवाज मात्र हँक अझेरिया या गोऱ्या नटाने दिला, मुद्दाम ओढून-ताणून काढलेल्या उच्चारांत. तिथल्या भारतीय मुलांना शाळेत 'अपू' म्हणून चिडवले जाऊ लागले. हरी कोंडाबोलू यांनी २०१७ साली त्यावर माहितीपट काढला आणि २०२० मध्ये अझेरियांनी तो आवाज सोडला. गंमत अशी, की १९९६ च्या एका भागात याच अपूच्या निमित्ताने परदेशातून आलेल्यांवर खापर फोडणाऱ्या राजकारणाची छान खिल्ली उडवली आहे. तेव्हा अख्खे पात्रच पुसून टाका, असे मला म्हणवत नाही.

हिंदी चित्रपटांतला सुरमा घातलेला, पान चघळणारा 'मियाँ' पाहून आपल्याला राग येतो, आणि तो योग्यच आहे. मग जुलाह्याच्या बेवकूफपणाचे लतीफे आपण पिढ्यान्‌पिढ्या कसे सांगत आलो? ज्यांच्या मागांवर भिवंडी उभी राहिली, त्याच विणकरांचे हे लतीफे. 'मोमीन' आणि 'अन्सारी' ही नावे त्यांनी अभिमानाने पुढे आणली, त्यामागे त्या हिणवणुकीला उत्तर देणेही होते. आजही कोकणी मुसलमानाच्या उर्दूवर उत्तरेकडचे हसतात आणि त्यांच्या बोलण्याची नक्कल आपण कोकणी जेवणाच्या दस्तरख्वानावर करतो. अशा वेळी कोणाला हुजुरात आठवत नाही. 'जरा मजाक केला' म्हटले, की विषय संपतो.

टीव्ही बंद करा, असे सांगणारे पालक मला भेटतात. त्यांना मी एवढेच विचारतो, की घरात तुम्ही शेजाऱ्यांचा उल्लेख कोणत्या नावाने करता? बहुतेक जण हसतात. एका अब्बांनी मात्र मान खाली घातली. त्यांचाच मुलगा वर्गात सर्वांना नावे ठेवण्यात पटाईत आहे.