गोठा, पाळी आणि पुंडलिकाची वीट

कार्तिकी झाली, आळंदीस माउलींचा समाधिसोहळा झाला, मार्गशीर्ष लागला. थंडी पडू लागली, साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले. आणि माळकरी मंडळींची एक तक्रार आमच्या कानी येऊ लागली. "महाराज, पहाटे उठावे तो गोठा. शेणघाण, वैरण, धार. दूध डेअरीला घालतोय तोवर पाळीची वेळ. घरी आलो की पुन्हा तेच. कार्तिकात काकड्याला एक दिवस जाणे झाले नाही. मग ही माळ फुकटच म्हणायची का?"

प्रश्न खरा आहे. गाईला रविवार नाही आणि कारखान्याचा भोंगा कोणासाठी थांबत नाही.

पण संतसज्जनहो, आपला देव विटेवर का उभा आहे? पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. देव दारी आला, तरी त्याने सेवा सोडली नाही; वीट पुढे टाकली. देव रागावला नाही, कर कटीवर ठेवून उभा राहिला. सावतोबांनी अरणास मळा राखला, गोरोबांनी तेरेस माती तुडविली. धंदा कोणी टाकला नाही. तेव्हा गोठ्यामुळे काकडा चुकला, तर माळ फुकट जात नाही.

मात्र पुंडलिकाने सेवा सोडली नाही हे आपण ध्यानात ठेवतो, आणि वीट टाकली हे विसरतो. धार काढताना हात गुंतलेले असतात, तोंड तर मोकळे असते ना? तेथे नाम घ्यावे. ज्याच्या डोक्यात पाळीची घाई, तो गाईवर खेकसतो, आणि भ्यालेली गाय पान्हा चोरते. पान्हा सुटला तरी तो पाचसात मिनिटेच टिकतो. तेवढा वेळ मन शांत हवे. नामाने हाताची घाई निवते. वासराखाली कोरडे काड, अंगावर गोणपाट, प्यायला थंडगार नसलेले पाणी एवढे बघावे. पाणी गार असले की जनावर कमी पिते आणि दूध आटते. मुक्या जिवाची थंडी ओळखणे हीच भूतदया.

आणखी एक सांगणे आहे, थोडे कडू लागेल. "गोठ्याचं घरची बघते" असे म्हणून पुष्कळजण कामावर जातात. तिचा हरिपाठ कोणी बघायचा? जनाबाईंबरोबर देव दळू लागला, हे आपण कीर्तनात डोलून ऐकतो. मग घरच्या माउलीची शेणाची एक पाटी उचलायला लाज कसली? एक दिवस धार आपण काढावी, तिला देवळात पाठवावे. तसेच एकाने वारीस जावे, शेजाऱ्याने त्याची दावण सांभाळावी. पुढल्या खेपेस उलट करावे.

नेम लहान असला तरी चालेल, तो मोडू नये. सेवा चालू ठेवावी, पण वीट टाकायला विसरू नये.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!